बोंबील, खताचं पोतं आणि ६६२: प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी, रविवार

वही नवी घेतली. जुन्या नोकरीत दुधाचे नमुने तपासताना लागलेली सवय: आधी वही, मग यंत्र.

यंत्र म्हणजे गॅमा किरण मोजणारा, सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा दोन इंची डिटेक्टर. सेकंडहँड आहे. खोक्यावर कुणीतरी पेनने ‘चालू आहे’ लिहिलंय आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी प्रश्नचिन्ह काढलंय. भाच्याने रात्रभर खटपट करून लॅपटॉपवर आलेख उमटवला. म्हणजे चालू आहे.

हे कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. माझं माहेर चिंचणी. तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आत. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, तेव्हापासून आमच्याकडे ‘केंद्र’ हा शब्द जरा वेगळ्या सुरात उच्चारतात. वहिनी सुकी मासळी विकते. दिवाळीत बोईसरच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, “तुमच्या बोंबलात रेडिएशन आहे ना?” ती मला फोनवर म्हणाली, “वन्सं, तुम्ही आयुष्यभर दूध तपासलंत. माझे बोंबील तपासा.”

केंद्राजवळ सरकारी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. पाणी, मासे, दूध, भाजी ते तपासतात. मी हे वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “ते त्यांचे बोंबील तपासतात. माझे नाही.” यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा प्रकल्प.

चौघं आहोत. मी, भाचा (वहिनीचाच मुलगा, इंजिनिअरिंगला पुण्यात माझ्याकडे राहतो), वरच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्राच्या निवृत्त मॅडम, आणि शेजारचे काका. काकांनी चाळीस वर्षं लेथ चालवली.

२१ जानेवारी, रविवार

नुसता डिटेक्टर टेबलावर ठेवला तर तो भिंती, फरशी आणि आम्हा चौघांनाच मोजत बसतो. माणसाच्या अंगात १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. त्यातला दहा हजारांत जेमतेम एक अणू किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा, तरी एकूण चार हजारांहून जास्त बेकरेल भरतात. (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, बस.) काका डिटेक्टरपाशी वाकले की आकडा हलतो, असा भाच्याचा दावा. मॅडमनी तो सांख्यिकीने खोडून काढला.

म्हणून शिशाचं कवच. आत २० सेंटिमीटर व्यासाची, २५ उंचीची पोकळी आणि सगळीकडून ५ सेंटिमीटर जाडी. काकांनी कागदावर हिशोब केला: १९० किलो. तळमजल्यावर राहत असल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

शिसं घरी वितळवायचं नाही, यावर काका ठाम. धूर फुप्फुसात गेला की शिसं अंगात साठतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. भोसरीत ओतकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून कडी करून आणणार.

२८ जानेवारी, रविवार

कडी आली. टेम्पोवाल्याने विचारलं, “काय आहे यात?” काका म्हणाले, “व्यायामाचं सामान.”

शिशाचा एक त्रास असतो. बाहेरचे किरण अडवताना ते स्वतःच ७५ ते ८५ केईव्हीच्या (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) आसपास क्ष-किरण सोडतं. त्यावर उपाय म्हणजे आतून तांब्याचं अस्तर. तांबट आळीत गेलो. दीड मिलिमीटर पत्र्याचं नळकांडं हवंय म्हटल्यावर कारागिराने घेर मापला आणि म्हणाला, “तळ नको? मग बंब कसा व्हायचा?” बंब नाही म्हटल्यावर त्याची उत्सुकता संपली. तासाभरात नळकांडं हातात. इतकं गोल की काकांनी कॅलिपर लावून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. काकांकडून ही मोठी दाद.

आता खालच्या टोकाची गर्दी गेली. आपण शोधतोय ते अणुभट्टीत तयार होणारं सीझियम-१३७; आलेखावर ते ६६२ केईव्हीपाशी दिसतं, तेवढा भाग म्हणजे सीझियमची खिडकी. कवचाच्या आत, या खिडकीत सेकंदाला ०.३० मोजणी. उघड्यावर याच्या कितीतरी पट होती.

४ फेब्रुवारी, रविवार

ऊर्जेची पट्टी बसवली. कोणता चॅनेल (आलेखाचा एकेक कप्पा) म्हणजे किती केईव्ही हे ठरवायला ओळखीची शिखरं लागतात; प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचं शिखर त्याच्या ठरलेल्या ऊर्जेवरच येतं. रविवार पेठेतून पेट्रोमॅक्सचा जुना मँटल (बत्तीतली पेटणारी जाळी) मिळाला. त्यात थोरियम असतं. २३९, ५८३, ९११ आणि पार उजवीकडे २६१४, अशी शिखरं ओळीने आली. मँटल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करून लेबल लावून कपाटात. तो चुरगळून हवेत उडू द्यायचा नाही.

मॅडमनी भाच्याकडून पाठ करून घेतलेले आकडे:

सीझियम-१३७ चं शिखर ६६२, अर्धायुष्य ३० वर्षं. सीझियम-१३४ ची दोन, ६०५ आणि ७९६, अर्धायुष्य २ वर्षं. आयोडीन-१३१ चं ३६४, ८ दिवस. पोटॅशियम-४० चं १४६१, सव्वा अब्ज वर्षं. ते सगळीकडे असतंच.

आपलं यंत्र ६६२ पाशी ५० केईव्ही रुंद शिखर काढतं. म्हणजे शेजारीशेजारी असलेल्या दोन गोष्टी त्याला एकच दिसतात. हे लाल शाईने लिहिलंय.

आणि काय दिसत नाही, तेही लाल शाईने. स्ट्रॉन्शियम-९० फक्त बीटा सोडतं. त्याला रासायनिक विलगीकरण लागतं. ट्रिटियमचे बीटा इतके दुबळे की डबाही ओलांडत नाहीत. पोलोनियम-२१० अल्फावालं, आणि मासळीत येतं ते निसर्गातूनच; मासळीतून माणसाला मिळणाऱ्या मात्रेत मोठा वाटा बहुतेक वेळा त्याचाच. आपल्या यंत्राला यातलं काहीच कळणार नाही. वहिनी विचारते ‘रेडिएशन आहे का’, आणि आपण उत्तर देणार एका खिडकीपुरतं.

११ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस खताचा.

आपल्याकडे प्रमाणित किरणोत्सारी स्रोत नाही, आणि परवानगीशिवाय घरात आणायचाही नाही. पण म्युरेट ऑफ पोटॅश कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. पोत्यावर पोटॅश ६० टक्के छापलेलं असतं. ते ऑक्साइडच्या भाषेत, त्याला ०.८३ ने गुणलं की खरं पोटॅशियम जवळपास ५० टक्के. नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅमला ३१ बेकरेल. म्हणजे एक किलो खत साधारण १५,४०० बेकरेल! भाच्याने पोत्यापासून खुर्ची मागे ओढली. मॅडम म्हणाल्या, “अरे, याच पोटॅशियमवर तुझं हृदय चालतंय.”

डबा मॅरिनेली पद्धतीचा, एक लिटरचा. तळाला खळगा असतो, त्यात डिटेक्टरचं डोकं बसतं आणि नमुना त्याच्याभोवती पाणीपुरीच्या पुरीसारखा पसरतो. (उपमा भाच्याची. मला बुंदीचा झारा आठवला होता, पण तो बसत नाही.) खत डब्यात १.०५ किलो मावलं. १४६१ च्या शिखरात सेकंदाला १५.६ मोजणी. त्यावरून त्या ऊर्जेला यंत्राची क्षमता ०.९ टक्के निघाली. शंभर किरण निघतात, एकही धड हाती लागत नाही.

खताचा डबा वेगळा, खाण्याचा वेगळा. झाकणांवर रंगीत टेप.

१७ फेब्रुवारी, शनिवार

खतावरून १४६१ कळलं, पण आपल्याला ६६२ हवं. मॅडमच्या ओळखीने एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकासाठी तिथे सीझियमचा छोटा सीलबंद स्रोत असतो. स्रोत बाहेर काढायचा नव्हता, म्हणून यंत्रच रिक्षाने तिकडे नेलं. मांडीवर डिटेक्टर, त्याखाली चादर, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला मणक्यात कळला.

स्रोत रिकाम्या डब्याभोवती वीस जागी ठेवून मोजणी केली. सरासरी क्षमता २ टक्के. खरा नमुना घट्ट असतो, स्वतःचेच किरण थोडे गिळतो, त्यामुळे आमचा अंदाज २० टक्क्यांनी इकडेतिकडे. प्रयोगशाळेतल्या सरांनी चहा पाजला आणि जाताना म्हणाले, “आकडा द्याल तेव्हा मागे ‘इतका कमीजास्त’ लिहायला विसरू नका. ते लिहिलं नाही तर मोजलं नाही असं समजा.”

२९ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे पाणी नाही हे लक्षात होतं. दुरुस्तीसाठी वीजही जाते, ते विसरलो. रिकाम्या डब्याची अकरा तासांची मोजणी गेली. इन्व्हर्टर घेणे.

३ मार्च, रविवार

बोंबील आले!

भाचा शुक्रवारी गेला होता. डहाणू लोकल, दादरला गाडी बदलून पुणे. तीन पुड्या, प्रत्येकी एक किलो. वहिनीने प्रत्येकीवर कधी आणि कुठल्या वलांडीवर सुकवले ते लिहून दिलंय. माझ्या अख्ख्या नोकरीत दूध संकलन केंद्रांकडून इतकं नीट लेबल क्वचित आलं असेल. तुलनेसाठी गणेश पेठेतून एक किलो घेतले. ते गुजरातेतल्या जाफराबादकडचे, असं विक्रेता म्हणाला.

अडचण अशी की बोंबील डब्यात बसत नाहीत. काटक्यांसारखे उभे राहतात आणि मध्ये सगळी हवा. नमुना सारखा भरला नाही तर क्षमतेचा आकडा खोटा ठरतो. म्हणजे पूड हवी. म्हणजे मिक्सर.

मॅडम जन्माच्या शाकाहारी. नाकाला रुमाल बांधून त्यांनी स्वतः दळण केलं, कारण “तुम्ही लोक चाळणी नीट लावत नाही.” चार किलो सुक्या बोंबलांची पूड, दारं-खिडक्या बंद, सदाशिव पेठ. संध्याकाळी जिन्यात पाटी लागली: ‘कसला तरी वास येत आहे. कारण कळवावे अथवा वास बंद करावा. दोन्ही केल्यास उत्तम.’

दोन्ही केलं. मॅडमनी पाटीखालीच कारण लिहिलं, सुवाच्य अक्षरात, सीझियमच्या अर्धायुष्यासह. आता जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आकडा आला का विचारतो.

५ मार्च, मंगळवार

पहिला निकाल. पुडी क्रमांक १. डब्यात ४५० ग्रॅम पूड, मोजणी १२ तास, रात्री ८ ते सकाळी ८.

१४६१ ला छान शिखर. पोटॅशियम-४०: किलोला ३१० बेकरेल. म्हणजे किलोला १० ग्रॅम पोटॅशियम. सुकी मासळी आहे, पाणी उडालंय, शोभतं.

६६२ ला: काही नाही. सपाट.

भाच्याने लगेच फोन उचलला. मी हात धरला. ‘काही नाही’ म्हणजे किती नाही, हे आधी काढायचं. पोटॅशियमच्या किरणांची शेपटी डावीकडे ६६२ च्या खिडकीतही पसरते, त्यामुळे खिडकीतली मोजणी रिकाम्या डब्याच्या ०.३० वरून ०.४० वर गेली. बारा तासांत १७,२८०. त्याचं वर्गमूळ १३१. शोधमर्यादेच्या सूत्रानुसार त्याच्या ४.६५ पट आणि वर पावणेतीन: ६१४ मोजण्या. खिडकीत खरंच सीझियम असेल आणि त्याने इतक्या मोजण्यांची भर घातली, तरच आपण ते खात्रीने पकडू. किलोत मांडलं तर १.९ बेकरेल.

म्हणून वहीत: ‘सीझियम-१३७ आढळलं नाही. शोधमर्यादा १.९ बेकरेल प्रतिकिलो, सुक्या वजनावर.’

त्या आकड्याला काहीतरी टेकू हवा म्हणून: जपानने फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर १ एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नाला किलोमागे १००, दुधाला ५० आणि पिण्याच्या पाण्याला १० बेकरेल अशी सीझियमची मर्यादा ठेवली. त्याआधीची तात्पुरती ५०० होती. भिजवून खायच्या सुक्या मासळीचा त्यांचा हिशोब भिजवल्यावरच्या वजनावर होतो, आणि ते बरोबर आहे. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. सुकवून किलोचा आकडा कित्येक पट फुगतो, ताटातला मासा तोच राहतो.

आणि अगदी १.९ आहे असंच धरलं, वहिनीच्या घरात माणशी वर्षाला १० किलो सुके बोंबील खाल्ले, तर १९ बेकरेल. सीझियम-१३७ च्या एका बेकरेलला मोठ्या माणसाची मात्रा १३ नॅनोसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे किरणांचा शरीरावर होणारा परिणाम मोजायचं एकक). एकूण पाव मायक्रोसिव्हर्ट. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १,००० मायक्रोसिव्हर्ट.

१० मार्च, रविवार

पुडी २ आणि ३: तेच. जाफराबादवाले: पोटॅशियम २९०, सीझियम आढळलं नाही, मर्यादा १.९.

वहिनीला फोन केला.

“म्हणजे नाही ना?”
“आढळलं नाही.”
“तेच म्हणते मी. नाही.”
“तसं नाही गं. १.९ च्या खाली असलं तर आम्हाला दिसत नाही.”
“म्हणजे आहे?”
“तसंही नाही.”
“वन्सं, मला आहे की नाही एवढंच सांगा. आणि तसं कागदावर लिहून द्या, टोपलीला लावते.”

कागद देणार नाही म्हणाले. आमच्याकडे मान्यता नाही, क्षमतेत २० टक्के अंदाज आहे, तीन पुड्यांवरून सगळ्या मासळीबद्दल बोलता येत नाही, आणि स्ट्रॉन्शियम तर बघितलंच नाही. सगळं खरं. तरीही फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. तिने विचारलेल्या साध्या प्रश्नाला मी नोकरीतल्यासारखं उत्तर दिलं होतं.

काकांनी आयरिश लोण्याची आठवण काढली. चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिल १९८६ चा. त्यानंतर आयर्लंडहून आलेलं लोणी दुधात मिसळून विकू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ मध्ये लोणी धोकादायक नसल्याचा निर्णय झाला. मी तेव्हा नोकरीत नवीन. दूध घ्यायला आलेल्या बायका आम्हालाच विचारायच्या, आणि आमचे वरिष्ठ सांगायचे, “सांगा, काही नाही म्हणून.” काही नाही म्हणजे किती नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तो ‘काही नाही’ बायकांना पटायचा नाही. आज वाटतं, पटायला नकोच होता.

२४ मार्च, रविवार

वहिनी बोलत नाही. भाच्यामार्फत चिकू मात्र पाठवले.

चिकू: पोटॅशियम-४० किलोला ६० च्या आसपास, सीझियम आढळलं नाही. चिंचणीचं म्हशीचं दूध: लिटरला ५० पेक्षा थोडं कमी, सीझियम आढळलं नाही. मार्केट यार्डातली केळी: ११०. हळद: ६४० (!). पुण्यात मोजलेलं आजवरचं सर्वांत ‘किरणोत्सारी’ अन्न म्हणजे माझ्या डब्यातली हळद, सगळं पोटॅशियम.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

उन्हाने यंत्र हैराण. दुपारी खोलीत तापमान चढलं की १४६१ चं शिखर डावीकडे सरकतं. आज २५ चॅनेल. म्हणजे ६६२ ची खिडकी आपण समजतो तिथे नाहीच. गेल्या आठवड्यातल्या दोन मोजण्या बाद केल्या. आता दर अर्ध्या तासाला आलेख वेगळा साठवायचा, प्रत्येकात पोटॅशियमचं शिखर शोधायचं, त्यावर पट्टी ताणायची आणि मग बेरीज. भाच्याने प्रोग्राम लिहिला. श्रीखंड खाऊन झोपला.

५ मे, रविवार

जिन्यातल्या एक वहिनी हापूस घेऊन आल्या: “हा रेडिएशनवाला तर नाही ना? परदेशी पाठवतात तसला?” गोंधळ साहजिक आहे. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया होते, किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांचं एकक), कोयीतल्या किडीसाठी. लासलगावला तसंच केंद्र आहे. त्या किरणांनी आंबा किरणोत्सारी होत नाही. दिवा विजवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसं. तरी मोजला. पोटॅशियम. आंबा परत मागितला नाही, म्हणून आम्हीच खाल्ला.

१२ मे, रविवार

काल रात्रीची नोंद सविस्तर.

संध्याकाळी वळीव कोसळला. वीज, गारा, सगळं. भाचा गच्चीवर भिजायला गेला आणि कुंडीतला माठ ओरबाडून तसाच ओला डब्यात भरून मोजायला लावला. का, तर “आत्या, पावसानंतरचा नमुना आपल्याकडे नाही.”

पावणेनऊला ओरडत आला. ६०५ च्या जागी भलंमोठं शिखर. सीझियम-१३४! दोन वर्षांचं अर्धायुष्य, म्हणजे जुन्या बॉम्बचाचण्यांचं असूच शकत नाही, ताजं, अणुभट्टीतलं. आणि ३६४ च्या जवळही एक शिखर. आयोडीन! त्याचा हात थरथरत होता. त्याने आईला फोन लावलेला होता, पलीकडे घंटी वाजत होती. मी तो कापला.

मॅडम गाऊनवर शाल घेऊन खाली आल्या. आलेखाकडे दहा सेकंद पाहिलं.

“७९६ कुठाय?”

नव्हतं. सीझियम-१३४ असेल तर ६०५ बरोबर ७९६ यायलाच हवं.

“आणि हे ३६४ नाही, ३५२ आहे. त्याच्या डावीकडे २९५ बघ. तू पाऊस मोजतोयस, बाळा.”

जमिनीतून रेडॉन वायू हवेत येतो. त्यापासून बनणारे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ धुळीला चिकटतात आणि पाऊस ते झाडून खाली आणतो. बिस्मथचं शिखर ६०९. आपलं ५० केईव्ही रुंदीचं यंत्र ६०५ आणि ६०९ वेगळं काय करणार? (पहा: लाल शाई, ४ फेब्रुवारी.) एकाचं अर्धायुष्य २७ मिनिटं, दुसऱ्याचं २०. म्हणून नुसतं बसून राहिलो. दहा-दहा मिनिटांचे आलेख. शिखर डोळ्यांदेखत खचत गेलं. बाराच्या सुमारास ओळखू येत नव्हतं. सकाळपर्यंत तिथे सपाट, फक्त ४७८ ला बारीक उंचवटा. तो बेरिलियम-७ चा, तोही वरूनच आलेला, अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांनी हवेत बनवलेला.

माठाऐवजी अळू खुडलं असतं तर पाणी घरंगळून गेलं असतं आणि आमची झोप वाचली असती.

नियम: पालेभाजी, विशेषतः पावसातली, तोडल्यावर किमान सहा तास थांबूनच मोजायची. आणि मॅडमनी आलेख पाहिल्याशिवाय फोन नाही.

१९ मे, रविवार

वहिनीचा फोन, दोन महिन्यांनी. पावसाची गोष्ट भाच्याने सांगितलेली दिसते. हसत होती.

मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मला आधीच लक्षात यायला हवी होती. सीझियम शोधायला बोंबील ही फार चांगली निवड नाही. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि माशाच्या शरीराला सीझियम पोटॅशियमसारखंच वाटतं. गर्दीत सीझियमचा नंबर कमी लागतो. गोड्या पाण्यातला मासा त्याच्या कित्येक पट जास्त साठवतो. समुद्रकाठी सीझियम धरून ठेवतो तो खाडीचा गाळ. म्हणून थोडा गाळ पाठव, म्हटलं.

“गाळ कोण खातं?”
“खात नाही कुणी, पण—”
“निवटे खातात की. आणि निवटे आम्ही खातो. निवटे पाठवते.”

दोन भौतिकशास्त्राच्या पदव्या आणि एक दुग्धरसायनाची पदवी या घरात आहे. निवटा, म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा, कुणाला सुचला नव्हता.

२७ मे, सोमवार

निवटे काल बर्फातून आले. साफ करून, वाटून ९०० ग्रॅम. बारा तासांची मोजणी आज सकाळी संपली.

६६२ ला काहीतरी आहे. शिखर म्हणवत नाही, सपाटही म्हणवत नाही. पार्श्वभूमी वजा जाता २१० मोजण्या. हिशोब: किलोला ०.३ बेकरेल.

भाचा म्हणतो ०.३ लिहा, आलंय ते आलंय. मॅडम म्हणतात, १५,९८४ मोजण्यांचं वर्गमूळच १२६ आहे, आणि ‘काहीतरी आहे’ म्हणायलाही २९५ लागतात. काका म्हणतात, पुन्हा मोजा. काकांचं ऐकलं. डबा फ्रिजमध्ये, रात्री पुन्हा.

२८ मे, मंगळवार

दोन रात्री मिळून २४ तास. निव्वळ मोजण्या: १३०. वाढायला हव्या होत्या दुप्पट, झाल्या कमी. काल जे पाहिलं तो उंचवटा नव्हता, आमची इच्छा होती. भाच्याची भीतीही म्हणता येईल. तेच निवटे त्याच्या घरी शिजतात.

वहीत: ‘निवटे, ताजे. सीझियम-१३७ आढळलं नाही. शोधमर्यादा ०.६ बेकरेल प्रतिकिलो.’

१ जून, शनिवार

आजपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. वहिनीला वेळ होता, निवांत बोलली. मी तिला सगळे निकाल वाचून दाखवले, मर्यादांसकट. या वेळी ‘म्हणजे नाही ना’ आलं नाही. थोडा वेळ गप्प राहिली.

“माझ्या तराजूसारखं आहे हे,” म्हणाली. “पाच ग्रॅमखालचं तो दाखवत नाही. शून्य दाखवतो. म्हणून वर ठेवलेली कोथिंबिरीची काडी काय हवेत गेली?”

“तसंच.”

“मग तसं लिहून द्या ना. तराजू केवढा आहे ते पण लिहा. गिऱ्हाईक तराजू बघूनच माल घेतं.”

लिहून दिलं. अर्धा कागद. काय मोजलं, कधीचे बोंबील, किती तास, काय आढळलं नाही, कितीच्या वर असतं तर दिसलं असतं, आणि कोणत्या गोष्टी या यंत्राला दिसतच नाहीत. खाली ‘घरगुती मोजणी, प्रमाणपत्र नाही’. ‘सुरक्षित’ हा शब्द नाही. मॅडमनी शुद्धलेखन तपासलं, भाच्याने फोटो पाठवला.

९ जून, रविवार

दमट हवा सुरू. सोडियम आयोडाइड ओल पिऊन पिवळा पडतो. स्फटिक सीलबंद असला तरी जुन्या सीलवर माझा भरवसा नाही. डिटेक्टर सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात. कवच जागेवरच, १९० किलो कोण हलवणार? त्यावर सध्या काकांचं रेनकोट वाळतंय.

पुढची मोजणी नारळी पौर्णिमेनंतर. वहिनीला यादी पाठवली: निवटे दोन किलो, कालवं मिळाली तर, आणि थोडा गाळ. गाळापुढे तिने ‘बरं’ लिहिलंय. मिक्सरचं भांडं मात्र नवीन घ्यावं लागणार. जुन्यात काल चटणी वाटली, मॅडमनी पहिल्याच घासाला ओळखलं.